किल्ली अजून न्यू जर्सीतच आहे

कोजो, आधी पाणी घे. मग बातमी सांगतो.

ही तुमच्याकडची रीत तूच मला शिकवलीस. दारात कोणी आलं की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, आणि ते पिऊन झाल्यावरच विचारायचं की कशासाठी येणं केलंत. तोवर आलेल्याने बातमी तोंडातून काढायची नाही, मग ती बारशाची असो की मयताची. मी म्हटलं होतं, पाणी तर आम्हीही आधी देतो. तू म्हणालास, "देता रे, पण ग्लास हातात टेकवता-टेकवताच विचारता, काय झालं." खरं होतं ते. आमच्या घराण्यात धीर कमीच.

तर बातमी अशी. आज बुधवार आहे आणि येत्या रविवारी तुझ्या किल्लीची मुदत संपते. घानातल्या तुझ्या सगळ्या गावांतले सौर विजेचे खोके तिथल्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी आठला, विचारतील की आमच्यावर सही कोणाची. उत्तर आलं नाही तर ते घरोघरची वीज बंद करतील. तसंच ते बनवलेत, आपण दोघांनी, पिस्कॅटवेच्या माझ्या बेसमेंटमध्ये बसून. दर वर्षी उत्तर तू द्यायचास. आणि तू तर गेल्या महिन्यात टर्नपाइक हायवेवर छातीत दुखायला लागल्यावर गाडी कडेला घेतलीस, पार्किंग लाइट लावलेस, आणि गेलास. पोलिसाने एफुआला सांगितलं की गाडी इतकी नीट लावली होती, त्याला वाटलं हा माणूस फोनवर बोलतोय.

मंडळाच्या अंकाच्या संपादक कुमुदमावशी मला म्हणाल्या, "मुकुंद, कोजोवर तूच लिही. जन्म, शिक्षण, नोकरी, असा थोडक्यात परिचय दे. आणि फोटो जरा क्लिअर पाठव." मी हो म्हटलं. जन्म, शिक्षण आणि नोकरी एफुआ देईल त्यांना, नवऱ्याचं सगळं तिला तोंडपाठ आहे. मला तुझ्याशी भांडायचंय. गेल्या थँक्सगिव्हिंगपासून ते भांडण अर्धवट पडलंय आणि तू असा मध्येच उठून गेलास.

आपली ओळख अंधारातली, हे मावशींना माहीत नाही. विद्यापीठात शिकत असताना स्टेट कॉलेज गावच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं मराठी आणि चौथा तू, कारण आमचा चौथा ऐनवेळी टेक्सासला गेला. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाने तारा तुटल्या आणि गावाची वीज गेली. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. शेजारची अमेरिकन मुलं जिन्यात उभी राहून एकमेकांना विचारत होती की आता काय करायचं. आपण दोघांनी काहीच केलं नाही. मी शेंगदाण्याची चटणी काढली, तू तुझ्या आईने पाठवलेली शितो काढलीस, तो तुमचा काळा ठेचा, आणि ब्रेडला लावून आपण चाचपडत जेवलो. पुण्याचा शाकाहारी अभिजित ती शितो नंतर चार महिने चवीने खात होता. तिच्यात सुकी मासळी असते हे तू त्याला सेमिस्टर संपल्यावर सांगितलंस.

त्या अंधारात तू विचारलंस, "तुला सवय दिसते?"

मी म्हणालो, "चंद्रपूरजवळचा आहे मी. आमच्या गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. आणि मी दहावीचा अभ्यास कंदिलावर केलाय."

तू ब्रेडला आणखी शितो लावलीस. मग म्हणालास, "आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणाने देशाला वीज दिली. आम्हाला सरोवराच्या पलीकडे नवं गाव दिलं आणि तिथे खांबसुद्धा आला नाही." मग आपण हसलो, जरा जास्तच हसलो. अभिजितला वाटलं आपण काहीतरी प्यायलोय.

तुझं बोलणं ऐकून लोक फसायचे. आयसेलिनला ओक ट्री रोडवर चहा पिताना एका काकांनी तुला विचारलं होतं, "तुमच्या आफ्रिकेत करप्शन फार ना?" तू अगदी नम्रपणे म्हणालास, "फार आहे काका. अजून शिकायचंय, म्हणून तर तुमच्या लोकांबरोबर राहतो." काका हसले, समोसा मागवला. पण गाडीत बसल्यावर तुझा चेहरा उतरला. "ते खोटं नव्हते बोलत," तू म्हणालास. "आमच्या मंत्र्याला ताप आला की तो विमानात बसतो. त्याला आमच्याच दवाखान्यातल्या कॉटवर झोपावं लागलं असतं ना, तर तिथे दिवा कधीच लागला असता." गोऱ्यांनी काय केलं ते तू सांगायचास, पण त्यावर थांबायचा नाहीस. त्यावर थांबणाऱ्यांचा तुला कंटाळा होता. "ते माहीत आहे. आता पुढे? घर आमचं आहे ना?" हे तुझं नेहमीचं. असं बोलणारी माणसं मी नंतरही पाहिली, पण ती बोलून झाल्यावर जेवायला जायची. तू बेसमेंटमध्ये जायचास.

आणि बेसमेंट सुरू झालं ते तुझ्या आईच्या गावामुळे. तिथे परदेशातली कुठलीशी कंपनी सौर वीज घेऊन आली. फीत कापली, ढोल वाजले, आईने तुला फोनवरून बल्ब दाखवला. मग ती कंपनी बुडाली. पॅनेल जागेवर होती, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, तारा शाबूत होत्या. पण मधला खोका परदेशातल्या सर्व्हरला विचारून चालायचा आणि तो सर्व्हर बंद झाला होता. तू सुट्टीत तिकडे गेलास आणि परत आलास तो नेवार्क विमानतळावरून सरळ माझ्याकडे, बॅगांसकट. वैशालीने पाणी दिलं, तू प्यालास, आणि तुमच्या रीतीप्रमाणे मी विचारेपर्यंत थांबलास. मग म्हणालास, "मुकुंद, सूर्य चालू होता."

एवढंच म्हणालास. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

पुढची सगळी वर्षं आपले शनिवार-रविवार त्या खोक्यात गेले. दिवसा तू वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसून न्यू जर्सीचे दिवे चालू ठेवायचास, सुट्टीत माझ्या बेसमेंटमध्ये घानाचे. सोल्डरचा वास जिन्यातून वर यायचा आणि वैशाली ओरडायची, "कोजो, तो धूर सानिकाच्या खोलीत जातोय." तू खालून म्हणायचास, "सॉरी वहिनी, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं आठ वर्षं चालली. कुमासीच्या कॉलेजातली मुलं व्हिडिओवर यायची, त्यांतली अबेना पुढे सगळ्यांची म्होरकी झाली. आपण खोका असा बनवला की गावातल्या कोणालाही स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येईल आणि तुटलेला भाग बाजारात मिळेल. परदेशी सर्व्हर नको, कोणाला विचारणं नको. तू छाती काढून सांगायचास की हा खोका आमचा आहे.

मग तो मास्तर. एका गावात कोणीतरी खोका उघडून त्यावर वेल्डिंग मशीन चालवलं, आत फेरफार करून. आग लागली. खोका ज्यांच्या पडवीत होता त्या शाळामास्तरांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तू तिकडे जाऊन आलास आणि कुलूप घालायचं ठरवलंस: आपली सही असलेलाच प्रोग्राम चालेल, आणि सही दर वर्षी नवी करावी लागेल. सहीची किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं एक यंत्र, पेन ड्राइव्हसारखं. ते तुझ्या घराच्या चाव्यांच्या जुडग्यात. त्याचा पासवर्ड माझ्याकडे. म्हणजे सरोवरापलीकडच्या गावात दिवा लागायचा तर एडिसनमधला एक आणि पिस्कॅटवेमधला एक, असे दोघं एका टेबलावर यायला हवेत. मी तेव्हाच म्हणालो की हे काही बरं दिसत नाही. तू म्हणालास, टेम्पररी आहे.

मला तुझं ते गणपतीतलं आठवतं. शाळेच्या जिममध्ये आमच्या हुशार इंजिनिअर मंडळींनी मोदकांचे स्टीमर, चहाचं पिंप आणि साउंड सिस्टीम एकाच सर्किटवर जोडली होती, आणि अथर्वशीर्ष चालू असताना सगळं बसलं. मोठमोठे सर्व्हर चालवणारे लोक, आयटीतले एकेक दिग्गज, सगळे हातावर हात ठेवून उभे. तू कुर्ता घालून पाहुणा म्हणून आला होतास. पॅनेल शोधलंस, प्रत्येक सॉकेटवर टेपची पट्टी लावून कोणता ब्रेकर ते मार्करने लिहिलंस, आणि कुमुदमावशींना म्हणालास, "मावशी, नेक्स्ट इयर तुम्हाला माझी गरज नाही." पुढच्या वर्षी पट्ट्या जागच्या जागी होत्या आणि मावशींनी आरतीच्या आधी तुलाच फोन केला. तू आलास, धावत. मी म्हटलं, नाही म्हणायचंस की. "यार, त्यांनी बोलावलं," तू म्हणालास. तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी विषय सोडून दिला.

मग इथल्या सरकारची बाहेरच्या देशांना जाणारी मदत बंद झाली. दवाखान्यांचे, औषधांचे कार्यक्रम एका सहीने थांबले, आणि तुझे फोन वाजायला लागले. मला वाटलं तू चिडशील. तू चिडला नाहीस, तू घाबरलास. तुला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या किचनमध्ये उभा राहून तू म्हणालास, "यात जी माणसं मरतील ती कुठल्याच बातमीत येणार नाहीत. आणि आमचे लोक आता दुसरा दाता शोधतील. याने स्विच बंद केला तर त्याच्याकडे जाऊ. पण स्विच आमच्या भिंतीवर का नाही, हे कोणी विचारणार नाही." खिडकीबाहेर पाहत पुढे म्हणालास, "तिकडे किती तरणी मुलं आहेत, मुकुंद, तुला कल्पना नाही. गावच्या गावं नुसती मुलं. ती अंधारात किती वर्षं बसतील? त्यांना दिवा मिळाला नाही तर ती काय पेटवतील?" सानिका टेबलावर होमवर्क करत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यानंतर आठवडाभर ती मला विचारत होती, "बाबा, इज कोजो काका ओके?"

म्हणून मी थँक्सगिव्हिंगला विषय काढला. जेवण झालं होतं, एफुआ आणि वैशाली चहा घेत होत्या.

"मग आपल्या स्विचचं काय?" मी म्हणालो. "अबेनाला किल्ली दे. पासवर्ड मी आज देतो."

"देईन."

"कधी?"

"नेक्स्ट इयर. दे आर नॉट रेडी येट."

हेच वाक्य तुझ्या देशाला आजवर कोणी कोणी ऐकवलं ते तूच मला वर्षानुवर्षं सांगत आला होतास. मी तसं म्हणालोही. तू उठलास, बाह्या वर केल्यास आणि डिशवॉशर असताना आमची सगळी भांडी हाताने घासलीस, मोदकपात्रसुद्धा, जे त्या दिवशी वापरलंही नव्हतं. जाताना बूट घालता घालता म्हणालास, "त्या मास्तरांचा हात तू पाहिला नाहीस." मी म्हणालो, नाही पाहिला. नंतर आपण भेटत राहिलो, हसत राहिलो, पण त्या विषयाला दोघंही वळसा घालून जायचो.

अरे, मला कळत होतं तुझं. ज्याने जळलेला हात पाहिलाय तो कुलूप घालणारच. पण तू कुलूप घातलंस आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवलीस, आणि खिसा घेऊन टर्नपाइकवर गेलास. मला तुझा राग येतो, आणि कोणावर काढावा कळत नाही.

तुझ्या मामांनी ठरवलं की तुला तिकडे न्यायचं. तुमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा, त्यामुळे मामाचा शब्द शेवटचा. गेल्या आठवड्यात तुला विमानाने कुमासीला नेलं. आता तू तिथल्या शवागारात आहेस, अंत्यविधी पुढच्या शनिवारी आईच्या गावी, सरोवरापलीकडे. एफुआ उद्या, गुरुवारी निघतेय. मी येऊ शकत नाही. ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे आणि हल्ली देश सोडला तर परत आत घेतील की नाही, हे आमचा वकील छातीवर हात ठेवून सांगत नाही. बाबा गेले तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा तू तुमच्याकडचे सुतकाचे काळे-लाल कपडे घालून माझ्या सोफ्यावर येऊन बसलास, पाणी प्यालास, आणि म्हणालास, "आता तुझ्या वडिलांबद्दल सांग." मी संध्याकाळपर्यंत बोलत होतो. त्याबद्दल तुला धन्यवाद द्यायचे राहिले. मित्राला काय धन्यवाद द्यायचे, असं वाटून राहिले.

काल एफुआ आली. हॉस्पिटलने तुझ्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत दिल्या होत्या, ती पिशवी तिने टेबलावर ठेवली. जुडग्यातून घराची चावी काढली, गाडीची काढली, आणि ते काळं यंत्र माझ्यासमोर सरकवलं. "तुला करायचं ते कर," ती म्हणाली. "मी त्याच्या गावी त्याला पुरायला जातेय. तिथे कोणी मला म्हणू नये की तुझा नवरा आमचे दिवे बरोबर घेऊन गेला." ती रडली नाही. मला मात्र आवरेना, वैशालीने पाणी आणून दिलं.

आज सकाळी मी अबेनाला फोन लावला. म्हटलं, किल्ली मिळाली, पासवर्ड माझ्याकडेच आहे, दहा मिनिटांचं काम. सही नवी करतो, किंवा सगळं तुझ्याच नावावर करून टाकतो. तिकडून मोटरसायकलचा आवाज येत होता. ती म्हणाली, "अंकल, थँक यू. पण नका करू."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती चूक नव्हती. सर गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिची मुलं गावोगाव फिरतायत. प्रत्येक गावाने दोन माणसं निवडलीत. ती माणसं स्वतःच्या हाताने खोका उघडतात, आतलं छोटं कार्ड काढतात, कुमासीत बनवलेलं, आपली सही न मागणारं घालतात. वेल्डिंग मशीन लावलं तर काय होतं ते सांगायला ते मास्तरच बरोबर येतात, बाही वर करून हात दाखवतात.

"आधी दवाखाने घेतले," ती म्हणाली. "लशी बर्फाच्या पेटीत हलवल्यात. तुम्ही तिथून बटण दाबलंत तर यातला एकही खोका कोणी उघडणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हाला फोन. मग तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीला फोन."

"आणि रविवारपर्यंत नाही झालं तर?"

"नाही होणार सगळं. सरोवरापलीकडे जाणारी फेरीबोट बंद पडलीय. रस्ता पावसाने गेलाय. तिकडची गावं राहतील."

"तिकडे तर कोजोच्या आईचं गाव आहे. तिथे बाळंतपणाची खोली आहे."

"माहीत आहे अंकल. सिस्टरकडे टॉर्च आहेत."

"तेवढी गावं तरी मी इथून करतो."

"कोजो सरांनी असंच केलं असतं," ती म्हणाली. बोलली हळू, पण मागे हटली नाही. फोन ठेवताना तिने आणखी एक सांगितलं. कार्ड बदललेला खोका आता त्यांना रिपोर्ट करतो, त्यामुळे माझ्या स्क्रीनवरचा त्याचा हिरवा ठिपका विझेल. पॅनिक होऊ नका, म्हणाली.

इथवर लिहून थांबलो होतो. आज सोमवार.

चार दिवस मी सगळ्या खोक्यांच्या ठिपक्यांचा तो नकाशा उघडा ठेवून होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्येही एका कोपऱ्यात तो होता. गुरुवारी उत्तरेकडचे ठिपके एकेक करत विझले. प्रत्येक ठिपका विझला की हात फोनकडे जायचा आणि मग स्वतःला समजावायचो की अरे, ही चांगली बातमी. आठ वर्षं मी ठिपका विझला की घाबरत आलो, तुला फोन करत आलो. आता विझणं म्हणजे दिवा लागणं, हे डोक्याला पटेना. सानिका म्हणाली, "बाबा, स्टॉप रिफ्रेशिंग. प्लीज." तिने लॅपटॉप बंद केला, मी तो परत उघडला.

रविवारी संध्याकाळी साडेसातला फक्त सरोवरापलीकडचे ठिपके उरले होते. बाहेर अजून उजेड होता, शेजारचा लॉन कापत होता. मी तुझं यंत्र लॅपटॉपला लावलं. पासवर्ड टाकला. आता फक्त बटण दाबायचं होतं, आणि तेवढंच करायचं नव्हतं. वैशाली मागे उभी होती.

"दाब ना," ती म्हणाली. "तिथे बायका बाळंत होतात, मुकुंद. तत्त्वं नंतर बघ."

"तिने नको म्हटलंय."

"ती पोरगी आहे सव्वीस वर्षांची."

मी तिला उत्तर देणार होतो, आणि माझ्या तोंडात तुझंच वाक्य आलं. ते अजून तयार नाहीत. ओठांपर्यंत आलं होतं. इतकं सोपं वाक्य आहे ते, कोजो, आणि त्यात माया किती असते. तुला ते कुठून सुचलं हे मला तेव्हा कळलं. मी यंत्र काढून घेतलं. वैशाली वर निघून गेली, तिने रात्री माझ्याशी बोलणं टाळलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं बरोबर होतं असंही नाही.

आठ वाजता उरलेले ठिपके एकदम गेले. नकाशा पूर्ण काळा झाला. एक कोपरा असा की जिथे लोकांनी आपल्या हाताने दिवे लावले म्हणून काळा, आणि दुसरा असा की जिथे दिवे गेले म्हणून काळा. माझ्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच. कुठला खोका नीट चालला, कुठल्या गावात कार्ड उलटं बसलं, कुठे पुन्हा कोणाचा हात भाजला, मला काही दिसत नाही. इथून आता काहीच दिसणार नाही. तुला हेच हवं होतं ना? मग मी अजून तो काळा नकाशा का बघत बसतो?

आज सकाळी अबेनाचा मेसेज आला. फेरीबोट शुक्रवारपर्यंत सुरू होईल म्हणतात. झाली तर तिची मुलं कार्डं घेऊन त्याच फेरीने जातील ज्या फेरीने तुझी पेटी जाणार आहे, मास्तरही बरोबर असतील. फेरी नाही सुरू झाली तर कोणीच पलीकडे जाणार नाही, तूही नाही. खाली तिने लिहिलंय, "अंकल, आम्ही कामात आहोत, रागावू नका, पण रोज फोन करू नका." मी रागावलो नाही. थोडा रागावलो. मग फोन करणार नाही असं लिहून कळवलं.

यंत्र माझ्या टेबलावर पडलंय. मुदत संपली, त्याने आता कुठलंच कुलूप उघडत नाही. एफुआला फोनवर विचारलं तर म्हणाली, मला नको. टाकवतही नाही.

फेरी सुरू झाली तर शनिवारी तू गावात पोचशील. आईच्या घरात दिवा आहे का, बाळंतपणाच्या खोलीत आहे का, सिस्टर अजून टॉर्चवरच आहे का, हे माझ्याआधी तुला कळेल. मला कोणी कळवायला बांधील नाही, आणि मी विचारणार नाही, शब्द दिलाय. म्हणून या वेळी पाण्याचा ग्लास मी घेऊन बसलोय, कोजो. पिऊन झालं. बातमी तू सांग.